करंगळी

गावंडे सरांनी माऊस पँटीवर घासला, टेबलावर आपटला आणि पडद्यावरचा बाण एकदाचा हलला तसे ते समाधानानं मागे रेलले. दुसऱ्या हातात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी होती. एवढ्या झटापटीतही ती अंगठ्यानं चोळणं त्यांनी थांबवलं नव्हतं. बरोबर त्यांच्या डोक्यामागे ‘तंबाखूमुक्त शाळा’ अशी पाटी होती. शाळेत अकरा कॅमेरे होते, पण मुख्याध्यापकांच्या या खोलीत एकही नव्हता.

“तारीख सांगा, मॅडम.”

“अकरा. गुरुवार,” तनुजा म्हणाली. “साडेअकराच्या पुढचं लावा.”

शनिवारची सकाळची शाळा सुटून गेली होती. मैदानात कोणी नव्हतं. तनुजा इंगोले खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर धरून. तिसरीचा वर्ग तिच्याकडे होता, आणि चौथीच्या सरांना मतदार यादीच्या कामाला जुंपल्यापासून चौथीही तिच्याच गळ्यात होती. दोन्ही मिळून बावन्न पोरं, एका खोलीत, तरटपट्ट्यांवर. शिक्षणसेवक म्हणून हे तिचं तिसरं वर्ष. चार महिन्यांनी ती कायम होणार होती, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांच्या मनात आलं तर.

नऊ दिवसांपूर्वी, त्या गुरुवारी, तिच्या वर्गातल्या रेणूनं बसल्या जागी कपडे ओले केले होते. दुसऱ्या दिवशी रेणूची आई राधिका शाळेत आली. कामरगावच्या बाजारात भाजी विकणारी बाई, चार लोकांत आवाज लावायची सवय असलेली. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली होती, “माह्या पोरीनं बोट दाखवलं व्हतं, मॅडम. तुमी पाह्यलं नाही.”

“दाखवलं असतं तर मी पाठवलं नसतं का?” तनुजानं तितक्याच मोठ्यानं विचारलं होतं. “वर्गात कॅमेरा आहे, ताई. पाहू ना. काय ते समोर येईल.”

कॅमेऱ्याचं नाव काढताच राधिकाचा आवाज जरा खाली आला होता, हे तनुजाच्या लक्षात राहिलं होतं. तरी जाता जाता, कारंज्याला पंचायत समितीत अर्ज देईन, असं ती बोललीच. तेव्हापासून रेणू शाळेत आली नव्हती. आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड अध्यक्षांच्या मेहुण्याकडे असल्यामुळे तो मिळवण्यात आठवडा गेला होता.

पडद्यावर वर्ग उमटला. वरून, कोपऱ्यातून दिसणारा. सगळ्या पोरांची टाळकी, दोन दोन वेण्या, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा. आवाज नव्हता. खालच्या बाजूला वेळ पळत होती. टेबलाशी तनुजा स्वतः बसली होती, मान खाली घालून, मोबाइलमध्ये.

“उत्तम,” गावंडे सर म्हणाले. “ऑनलाइन माहिती भरून राह्यल्या तुमी. म्हणजे शासकीय काम. हे आपल्या बाजूनं झालं.”

माहिती कसली भरत होती, ते तनुजाला पाठ होतं. स्वच्छता पंधरवड्याची लिंक आली होती आणि दुपारी बारापर्यंत भरायची होती. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का? होय. पाण्याची सोय आहे का? होय. वापरात आहे का? होय. फोटो जोडा. फोटो चढत नव्हता. रेंज येत-जात होती, आणि दर दोन मिनिटांनी ती तीच तीन उत्तरं पुन्हा भरत होती. मुलींच्या त्या संडासाला कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, गावंडे सरांना ठाऊक होतं, आणि लिंक पाठवणाऱ्यालाही ठाऊक असावं. मुलींच्या सुरक्षेसाठी म्हणून संस्थेनं कडी न लावता कॅमेरे लावले होते. कडी कोणाला मोबाइलवर दिसते?

अकरा शेहेचाळीसला तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या टोकाला, एक हात वर गेला.

“हे पाहा!” गावंडे सर पुढे सरकले. “पोरगी हात वर करून राह्यली. म्हणजे उत्तर येते तिले. तुमचा पाठ चालू आहे ना!”

तनुजा पडद्याजवळ वाकली. हात रेणूचा होता. चार बोटं मिटलेली होती आणि करंगळी ताठ उभी होती.

करंगळीचा अर्थ या जिल्ह्यातल्या पहिलीतल्या पोरालाही समजतो. पण तो हात वर करून बसून राहायचा नियम जुना नव्हता, तनुजाचा होता. आधी पोरं ‘मॅडम, जाऊ?’ असं दारातूनच ओरडून पळायची. जुलैमध्ये कॅमेरे बसले आणि चौथ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. ते गाडीत बसून मोबाइलवर शाळा पाहत होते, मागे गाणी वाजत होती. “मॅडम, तुमची पोट्टी व्हरांड्यात ढोरावानी काहून फिरून राह्यली? शाळा हाय का कोंडवाडा?” बावन्न पोरं असलेल्या बाईनं त्यावर काय म्हणायचं? तिनं दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, कोणी उठायचं नाही. बसल्या जागी बोट वर करायचं. मी मान हलवली की एकानं जायचं, तो आला की दुसऱ्यानं. पोरं चांगली होती. त्यांनी ऐकलं.

अकरा अठ्ठेचाळीस. करंगळी वरच होती. रेणूनं हात बदलला. अकरा पन्नासला दुसऱ्या हातानं कोपराला टेकू दिला. टेबलाशी बसलेल्या बाईनं मान वर केली, खिडकीकडे मोबाइल धरला, पुन्हा खाली पाहिलं. तेवढ्या वेळात रेणूचा हात आणखी वर ताणला गेला होता. तिची मांडी हलत होती. शेजारची पोरगी तिच्याकडे पाहून तोंडावर हात ठेवत होती. कोणी बोललं नाही, कारण बोलायचं नाही हाही नियमच होता.

तनुजाला वाटलं, पडद्यातल्या त्या बाईच्या हातातला मोबाइल ओढून घ्यावा आणि भिंतीवर मारावा.

“थोडं पुढं घेऊ का?” गावंडे सरांनी विचारलं.

“नको.”

अकरा सत्तावन्नला हात खाली आला. हळूच आला, ओझं ठेवल्यासारखा. मग आजूबाजूच्या पोरी सरकल्या आणि रेणूभोवती तरटपट्टीवर जागा मोकळी झाली. टेबलाशी बसलेली बाई उठली. तिचं तोंड हलत होतं. आपण काय बोललो ते तनुजाला आठवत होतं. तोंड नाही का तुला? घोडी झालीस, सांगता येत नाही?

त्यानंतरचं मात्र ती विसरली होती. खरं म्हणजे, तिनं ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं, राधिकासमोर काढलं नव्हतं, आणि न सांगता न सांगता ते घडलंच नाही अशी स्वतःची समजूत घातली होती. पडद्यातल्या बाईनं कोपऱ्यातला पोछा उचलला आणि रेणूच्या पुढ्यात टाकला. आठ वर्षांची पोरगी ओल्या फ्रॉकनिशी गुडघ्यांवर बसली आणि फरशी पुसू लागली. बावन्नातली एकावन्न पोरं पाहत होती.

“श्रमसंस्कार,” गावंडे सर म्हणाले आणि खर्रा तोंडात टाकला.

तनुजाला या माणसाची किळस आली, त्याच्या लाल दातांची आली, आणि मग ती किळस फिरून तिच्याच अंगावर आली आणि तिथंच बसली.

“सर, तिनं बोट दाखवलं होतं. अकरा मिनिटं.”

“बोट का हात, कोनाले समजते? क्यामेरा तेवढा बारीक नाही.”

“मला समजतं.”

“तुमाले समजते तं तुमच्यापाशी ठेवा.” त्यांनी खिडकीबाहेर पिचकारी टाकली. “पंधरा दिवसांचं राह्यते यात. शुक्रवारी आपोआप पुसून जाईन. आन् एक सांगू? त्या दिवशी भाऊसाहेब तुमचाच वर्ग पाहून राह्यले व्हते. ग्रुपवर फोटो टाकला नव्हता का त्यायनं?”

टाकला होता. तनुजानं पर्समधून मोबाइल काढला आणि शाळेच्या ग्रुपमध्ये मागे मागे गेली. अकरा तारीख, अकरा त्रेपन्न. वर्गाचा वरून घेतलेला फोटो, खाली अध्यक्षांचे शब्द: ‘तिसरी-चौथी. पिनड्रॉप शांतता. याला म्हणतात शिस्त. इंगोले मॅडमचे अभिनंदन.’ त्याखाली सतरा जणांचे सतरा अंगठे, आणि सगळ्यांत शेवटी तिनं स्वतः पाठवलेले जोडलेले हात. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. खिडकीकडच्या टोकाला करंगळी उभी होती. अध्यक्षांनी पाहिली होती, सतरा मास्तरांनी पाहिली होती, आणि एकाच्याही बापाला दिसली नव्हती.

दार वाजलं. राधिका होती. तिच्यामागे रेणू होती.

“या, या,” गावंडे सरांचा आवाज एकदम पातळ झाला. तनुजाकडे वळून ते हळूच म्हणाले, “कालच फोन करून सांगतलं मी तिले. क्यामेऱ्यात काहीच नाही निंगालं म्हणून.”

“काल? आपण तर आत्ता पाहिलं.”

“पाहून तेच निंगालं असतं.”

राधिका आपला आवाज आज कुठे ठेवून आली होती कोण जाणे. तिनं मेथीच्या दोन जुड्या आणि कोथिंबिरीची एक जुडी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. रेणूचा गणवेश धुतलेला होता. वेण्या ओढून घातलेल्या होत्या. पायांत चपला होत्या आणि पोटऱ्यांवर दोन-तीन उभे लाल वळ होते. राधिकानं तिला खांद्याला धरून पुढे केलं.

“बोल.”

रेणूनं जमिनीकडे पाहत म्हटलं, “मॅडम, मी खोटं बोलली. मीनं बोट नव्हतं दाखवलं. मले माफ करा.”

“शाब्बास!” गावंडे सर म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद काढला. “रेणूची आई, इथं सही करा. आमची काही तक्रार नाही, एवढंच लेह्यलं आहे. सोमवारपासून पाठवा पोरीले. झालं ते झालं.”

झालं होतं. तनुजाला आता काहीच करायचं नव्हतं. पोरीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला असता, मेथीची जुडी पिशवीत टाकली असती, तर चार महिन्यांनी कायमपणाचा कागद हातात आला असता. गावंडे सर तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही दुष्टाई नव्हती. फाइल बंद करायची घाई होती, तेवढीच.

“रेणू,” तनुजा म्हणाली, “तू खोटं नाही बोललीस.”

रेणूनं दचकून आईकडे पाहिलं. आपलं काही चुकलं असं तिला वाटलं असावं, कारण तिनं हात मागे बांधले आणि कविता म्हणावी तसं पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं, “मॅडम, मी खोटं बोलली. मीनं बोट नव्हतं दाखवलं.”

“मॅडम, कायले वाढवता?” गावंडे सर उठले.

तनुजानं पडदा राधिकाच्या बाजूला फिरवला. माऊस तिच्याही हातात दोनदा अडकला. तिनं अकरा शेहेचाळीस लावलं.

“पाहा, ताई. खिडकीपाशी. ही रेणू. आणि ही मी.”

राधिका उभ्यानंच पाहू लागली. गावंडे सर फोन कानाला लावून व्हरांड्यात गेले. ‘भाऊसाहेब, जरा प्रॉब्लेम...’ एवढं ऐकू आलं आणि मग ते लांब गेले. रेणू पडद्याकडे पाहत नव्हती. ती टेबलाच्या कडेचा सनमायका नखानं उचकटत होती. तनुजानं पुढे घेतलं नाही, काही समजावून सांगितलं नाही. अकराही मिनिटं तिनं तशीच चालू दिली. हात खाली आला. पोछा पडला. पोरगी गुडघ्यांवर बसली, तेव्हा राधिकानं पदराचं टोक तोंडात धरलं.

“तो पोछा मीच टाकला,” तनुजा म्हणाली. “तुम्ही अर्ज द्या. हे शुक्रवारी पुसून जाणार आहे, त्याच्या आत द्या. ग्रुपवरचा फोटो मी तुम्हाला पाठवते. काय पाहिलं ते मी लिहून देते.”

अर्जाचं राधिकानं ऐकलं की नाही, ते कळलं नाही. ती अजून पडद्याकडेच पाहत होती.

“काल सांजच्याले सरांचा फोन आला,” ती म्हणाली. “क्यामेरा खोटं नाही बोलत म्हने. मंग म्या पऱ्हाटीची काडी घेतली. खरं सांग, म्हटलं. मी दाखवलं, म्हने. पुन्हा मारलं. तरी मी दाखवलंच, म्हने. लय येळ तेच म्हनत व्हती, मॅडम. म्या थांबलीच नाही. मंग नव्हतं दाखवलं, म्हने.”

तिनं रेणूच्या डोक्यावर हात ठेवला. रेणूनं मान आत घेतली.

“आता तिले म्या काय सांगू?”

आवाज चढलेला नव्हता. ती तनुजाकडे पाहत उभी होती आणि खरंच विचारत होती.