सरोजिनीचा काळा समुद्र

महालक्ष्म्यांची आरास बघायची ती आमच्याच घरी, हे येडशीतल्या सगळ्या बायकांना पाठ होतं. यंदा मात्र हळदीकुंकवाला आलेली जी ती बसायच्या आतच म्हणायची, "सरोजिनीकडची आरास बघितली का? समुद्राचा तळ केलाय!" माझ्या कापडी बाहुल्यांकडं कुणी धड बघेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सरोजिनी म्हणजे शेजारच्या राघवेंद्रमास्तरांची बायको. दोन माणसं पोलादी गोळ्यात बसून समुद्राच्या पार तळाशी जाऊन आली, असं मास्तरांनी पेपरात वाचलेलं. झालं, बाईसाहेबांना आरास सुचली! तिनं स्वतः तेरणेशिवाय दुसरं पाणी बघितलेलं नाही.

काहीतरी खोड काढायचीच, असं ठरवून मी तिच्याकडं गेले. महालक्ष्म्यांपुढं काळी घोंगडी पसरलेली. काळ्या कागदाला टोचे मारून मासे काढलेले आणि मागं पणत्या. मधोमध बेगड लावलेला गोळा, त्याला एकच खिडकी.

"समुद्र काळा कुठं असतो गं?" मी विचारलं.

"इतक्या खाली ऊन पोचत नाही, वहिनी. तिथले मासेच आपापला उजेड पाडतात."

"आणि देवीपुढं मासळी मांडलीस?"

"लक्ष्मी समुद्राचीच लेक ना? मग ही तिच्या माहेरचीच मंडळी."

बायका हसल्या. मी जळफळत उभी राहिले, कारण आरास खरोखर देखणी होती. मेलं हे मला का सुचलं नाही?

गोळ्यात डोकावले. खिडकीशी एक ओबडधोबड बाहुली, शेजारची जागा रिकामी.

"दुसरं कुणी नाही का आत?"

सरोजिनी ओशाळली. "तुमच्या हातची बाहुली बसवायची होती. पण मागायचा धीर झाला नाही."

मी तडक घरी आले. माझ्या आराशीतली सगळ्यात ठसठशीत बाहुली उचलली, नथवाली, जरीच्या लुगड्यातली. परत जाऊन गोळ्याचं झाकण काढलं, सरोजिनीची बाहुली मागं सरकवली आणि माझी खिडकीशी बसवली.

तिनं ते बघितलं. आता ही काही बोलली की भांडायचंच, म्हणून मी पदर खोचून तयार होते. ती वाकली, जरीचा काठ बाहेरून दिसेल असा माझ्या बाहुलीचा पदर सारखा केला आणि बायकांना म्हणाली, "या, प्रमोदिनीवहिनींची बाहुली बघा."

एवढं मोठं मन हिला कुठून मिळालं? मला त्याचाही हेवा वाटला.