दामाजींची वीत

मी एक जुना हवेचा फुगा आहे. हसू नका, मित्रांनो. वाढदिवसाला भिंतीवर लावतात तो मी नव्हे. मी जाड काळ्या रबराचा, शहाळ्याएवढा, आणि पिकअप गाडीच्या पोटाखाली राहणारा. सध्या दिवा गावातल्या एका घराच्या पडवीत खुंटीला लटकतो आहे. मला एक जोडीदार होता. तो राहिला नाही.

आमचा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. तिथून एका खोक्यात बसून आम्ही दोघे सुदेशच्या दारात आलो. सुदेश घरामागच्या विहिरीचं पाणी नव्या इमारतींना पोचवायचा. दिव्यात इमारत आधी उभी राहते, पाण्याचं नंतर बघतात. त्याच्या पिकअपवर हजार लिटरची टाकी होती. गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, थकले होते, त्यामुळे टाकी भरली की गाडी मागून बसायची.

त्याचे वडील दामाजी तरुणपणी खाडीत रेतीच्या होडीवर होते. होडी किती भरायची याचं त्यांचं माप एकच. पाणी आणि होडीचा काठ यांच्यात एक वीत उरली पाहिजे. तेच माप त्यांनी गाडीला लावलं होतं. टाकी भरली की ते मागच्या चाकाशी वाकत आणि चाक व वरचा पत्रा यांच्यामध्ये पंजा ताणून धरत. वीत उरली तर जायचं. नाही उरली तर टाकीतलं पाणी कमी करायचं. सुदेश कुरकुरायचा, पण बापाचं माप त्याने कधी मोडलं नाही.

एका रविवारी, दामाजी घरी नसताना, सुदेशने आम्हाला अंगणातच बसवलं. पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक दिला, आणि मागच्या चाकांचा ॲक्सल व वरची चासी यांच्यामध्ये दोन बाजूंना आम्हा दोघांना बोल्टने आवळलं. हवेची नळी गरम सायलेन्सरपासून लांब नेली. कामात कुठेही खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्याची बायको शालन पायरीवर बसून खोक्यातला कागद वाचून दाखवत होती.

"अहो, इथे लिहिलंय, यानं गाडीची वजन घ्यायची ताकद वाढत नाही. गाडी फक्त सरळ राहते."

"अगं, असं सगळ्याच कागदांवर लिहितात. पुढचं वाच."

पुढे हवा किती भरायची ते होतं. त्याने पंप मारला आणि गाडीचं बूड वर उठलं. शेजारचे सहदेवकाका म्हणाले, "गाडी नवी करून टाकलीस रे." मला फार अभिमान वाटला. आज त्याची लाज वाटते.

मे महिन्यात इमारतींखाली हंड्यांच्या रांगा लागल्या. दुसरी खेप पोचेपर्यंत दुपार व्हायची आणि बायका उन्हात थांबायच्या. ते सुदेशला बघवेना. त्याने दोन हजार लिटरची टाकी चढवली. पहिल्याच सकाळी ती काठोकाठ भरली. दामाजी वाकले आणि त्यांनी पंजा ताणला. त्यांना नवल वाटलं. त्यांनी पुन्हा मापलं.

"बाबा, जाऊ ना?"

"ईत हाय तर हाय. जा."

मित्रांनो, ती वीत मी दिलेली होती. माझ्या शेजारी पाटे करकरत होते, ब्रेक होते तेच होते, आणि मी मध्ये छाती फुगवून उभा होतो. खाडीचं पाणी दामाजींशी कधी खोटं बोललं नाही. मी बोललो.

इमारतींच्या आधी एक लांब उतार लागतो. तिथे ब्रेक तापले आणि धरेनासे झाले. वळणावर टाकी कलली, माझा जोडीदार फुटला, गाडी उलटली. पाणी उतारावरून वाहत गेलं. सुदेश घरी आला नाही.

गाडी भंगारात गेली. दामाजींनी मला तेवढं मागून घेतलं. वीत कशी उरली ते एका मेकॅनिकने त्यांना समजावलं होतं.

"बाबा, हे कशाला घरात?" शालनने विचारलं.

"यानं न् मी मिळून धाडला त्याला," दामाजी म्हणाले.

शालन पायरीवर बसली. मग म्हणाली, "कागद मी वाचलेला, बाबा. तुम्हाला सांगायचं राहिलं."



मित्रांनो, गाडी बसते ती कुरकुर नसते, ती सांगत असते. माणसाचंही तसंच आहे. वाकलेल्याला टेकू देऊन सरळ करण्याआधी त्याच्या पाठीवर काय लादलंय ते बघा, आणि ते आधी उतरवा.

रोज सकाळी, टाकी भरायच्या वेळेला, दामाजी पडवीत येतात. माझ्या अंगाला खालून वर पंजा ताणून लावतात. मी बरोबर एक वीत भरतो.