शयनघरातली कोरडी नळी

जुनी झाले तरी मी अजून कुठे गळत नाही, हे आधीच सांगून ठेवते, मित्रांनो. नळी म्हटली की लोकांची नजर आधी तिच्याखाली जाते.

मी हातभर लांबीची लवचिक नळी. आत रबर, वर पोलादी तारांची घट्ट वीण. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावातल्या एका दुकानातून मला क्लिफ हेब्डन यांनी आणले. नवा पलंग मावेना म्हणून त्यांनी शयनघरातला, गरम पाण्याने खोली उबवणारा लोखंडी रेडिएटर सरकवला होता आणि आता तांब्याचा पाइप त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. पाइप वाकवायला अख्खी दुपार गेली असती. मी मात्र त्यांचा चहा निवायच्या आत बसले.

त्यांच्या पत्नी ओलिव्हबाईंना मी पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपले.

"क्लिफ, ही बया एक दिवस घर बुडवणार बघ!"

"एक थेंब दाखव, लगेच काढतो."

बाईंनी माझ्याखाली बशी ठेवली. रोज सकाळी त्या वाकून बघत. बशी कोरडी. एकदा गालिचा ओला सापडला, तेव्हा तर मला फासावर चढवायचेच बाकी होते! निघाला क्लिफ यांचाच सांडलेला चहा. मी मनात म्हटले, घ्या आणखी संशय!

पण चौथ्या हिवाळ्यात रेडिएटर तळाशी गार पडू लागला. वर हवा साठे. क्लिफ चावी फिरवून ती सोडत, दोन आठवड्यांत पुन्हा साठे. ओलिव्हबाईंची छाती मुळात नाजूक. डॉक्टरांनी खोली उबदार ठेवायला बजावले होते आणि त्या अंगात कोट घालून झोपत होत्या. खोकला काही थांबेना.

"त्या नळीचंच काहीतरी आहे," त्या म्हणत.

"थेंब दाखव," क्लिफ म्हणत.

माझा संशय पाणी तापवणाऱ्या बॉयलरवर होता. फार घुरघुरायचा मेला.

शेवटी ब्रोना नावाची प्लंबर आली. तिने रेडिएटर रिकामा केला, तर शाईसारखे काळे पाणी आले. मग तिने मला बोटांनी चाचपले.

"ही तर साध्या नळाची नळी. पाणी अडवते, पण हिच्या रबरातून बाहेरची हवा आत झिरपते. चार वर्षं रोज थोडी थोडी. आतलं लोखंड गंजून त्याचा गाळ तळाशी बसलाय."

"म्हणजे माझा संशय खरा होता?" ओलिव्हबाईंनी विचारले.

"अर्धा, मिसेस हेब्डन. तुम्ही बाहेर काय येतं ते बघत होतात."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या कोरडेपणाचा मी तोरा मिरवला, त्याच्याआडून मीच त्या माउलीची खोली गार करत होते, आणि मला पत्ताही नव्हता.

"फसवी कुठली!" क्लिफ यांनी मला बादलीत आपटले.

"तिला कशाला शिव्या देतोस?" ओलिव्हबाई खोकत म्हणाल्या. "दुकानात ती 'मला न्या' म्हणून हात वर करून उभी होती का? पाकिटावर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचलं असतंस तर?"

क्लिफ पलंगाच्या कडेला बसले.

"तू खोकत होतीस," ते म्हणाले, "आणि मी नळीची वकिली करत बसलो होतो."

आता तिथे तांब्याचा पाइप आहे. मी बागेतल्या पावसाच्या पाण्याच्या पिंपाला आहे, आणि तेच माझे काम.

मित्रांनो, नळी घ्याल तेव्हा ती कशासाठी केली आहे ते विचारून घ्या. आणि घरात कुणी काहीतरी बिघडल्याचे सांगत असेल, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका. आधी त्याच्या खोलीत जा आणि तिथे ऊब आहे का ते बघा.