लाल काटा टोरांटोचा

मित्रांनो, मी चार काट्यांचे जुने मनगटी घड्याळ आहे. तीन काटे इथली वेळ सांगतात. चौथा, लाल काटा दूरदेशीची.

विहंग टोरांटोला नोकरीसाठी निघाला, तेव्हा त्याने मला वडिलांच्या, मुकुंदरावांच्या मनगटावर बांधले. "बाबा, लाल काटा माझा," तो म्हणाला. किती कौतुक झाले माझे! हिंदी मुलखातल्या आमच्या हरिशंकरपुरम वस्तीतल्या शेजाऱ्यांना मुकुंदराव बोलावून दाखवत, "हे बघा, आमचा विहंग आत्ता नाश्ता करतोय." आमच्या देशाचा जादा अर्धा तास माझ्या लाल काट्यात बसत नसे. तो मुकुंदराव मनातच वजा करत. रोज सकाळी पूजा आटोपली की मला चावी देत. अकरा वर्षांत एकदाही त्यांनी मुलाची झोपमोड केली नाही.

गेल्या वैशाखात, दुपारी बाराला, त्यांच्या छातीत कळ आली. शेजारच्या मंदाताईंनी त्यांना साडेबारापर्यंत जवळच्या मुरार भागातल्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "भाऊ, विहंगला फोन लावते."

मुकुंदरावांनी मोठ्या कष्टाने मनगट वर केले. माझ्याकडे पाहिले. "नको. तिकडे रात्रीचे तीन वाजलेत. थकून झोपला असेल. साडेतीनला लावा, तोवर तिकडे उजाडेल."

मग ते माझ्याकडेच पाहत राहिले. मला काटे पुढे ढकलता आले असते तर! पावणेतीनला त्यांचा हात गादीवर पडला.

मंदाताईंनी फोन लावला. पहिल्याच घंटीला विहंग बोलला, "हां काकू, बोला. ऑफिसात आहे."

"या वेळेला? तिकडे तर पहाट असेल ना रे?"

"नाही काकू, मी सिंगापूरला असतो आता. आठ महिने झाले. बाबांना सांगायचं राहूनच गेलं."

साडेबाराला फोन नको म्हणत मुकुंदराव ज्याची झोप जपत होते, त्याच्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तो जागा होता.

तेराव्यानंतर विहंगने मला हातात घेतले. "इसको तो रोज चाबी देनी पड़ती है," असे पुटपुटून त्याने मला विजेच्या जुन्या बिलांवर ठेवले आणि खण लोटून दिला. मी बंद पडलो त्याला आता बरेच दिवस झाले.

मित्रांनो, मला चावी दिली नाहीत तरी चालेल. पण घरी कोणी तुमची झोप जपत असेल, तर तुम्ही कुठल्या गावी झोपता, एवढे तरी त्याला सांगा.