वीस फुटांवरचा विस्तव

अंगणात पातेरा जाळायला नगरपंचायतीने बंदी घातली, त्या हिवाळ्यात तेरवणकरांचं घर थंडीने आकसलं. आधी माजघर आकसलं, मग ओटी, मग दारं-खिडक्या. कुमुदताईंना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. थंडीत माणूस अंग चोरून बसतो, तर घराने का बसू नये? वर्षानुवर्षं त्या गावातली घरं संध्याकाळच्या जाळावर शेकत आली होती. अंगण झाडायचं, आंब्या-फणसाचा वाळका पाला, म्हणजे पातेरा, कोपऱ्यात लोटायचा आणि दिवेलागणीच्या आत पेटवून द्यायचा, हा तिथला रिवाज. कुणी त्यावर पाणी तापवी, कुणी हातपाय शेकी. घरही शेकतं, हे मात्र बंदी येईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बंदीत तसं काही वावगं नव्हतं. लोक पातेऱ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या आणि तुटक्या चपलाही खुशाल जाळत, आणि समोरच्या रेजिनबायला दम्याने श्वास घेणं मुश्कील होई. कुमुदताईंनी बंदी मुकाट्याने पाळली.

पंचाईत झाली ती मास्तरांची. पुंडलिक मास्तर म्हणजे कुमुदताईंचे यजमान, हायस्कुलात पी.टी. शिकवून निवृत्त झालेले आणि गावातले सगळ्यात उंच गृहस्थ. ‘ताठ उभे राहा’ हे वाक्य त्यांनी इतक्या पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, की नातवंडं असलेली माणसंसुद्धा त्यांना पाहिलं की खांदे मागे घेत. तेच मास्तर आता घरात वाकून चालत. पुढे बसून सरकू लागले. आणि एका सकाळी कुमुदताई अंगण झाडून वळल्या, तर दरवाजा खिडकीएवढा झाला होता आणि मास्तर आत होते.

“भायर येवा,” त्या म्हणाल्या.

“खांदे अडकतत,” मास्तर आतून म्हणाले. “ऱ्हवांदे. पेज तेवढी आत दी.”

स्वर समजूतदार होता. मास्तर खेकसले असते तर कुमुदताईंना बरं वाटलं असतं. जन्मभर ताठ राहिलेल्या माणसाने वाकणं इतक्या निमूटपणे पत्करावं, याचा त्यांना राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. दार त्यांच्या डोळ्यांदेखत बारीक होत होतं. दिवस मावळेपर्यंत ते ताटाएवढं होणार, आणि मग मास्तरांना ना बाहेर येता येणार, ना कधी पाठ सरळ करता येणार. त्यांनी पेज आत सरकवली, पदर खोचला आणि नगरपंचायतीची वाट धरली.

आरोग्य निरीक्षक आजगावकर जमिनीवर मांडी घालून बसले होते. कचेरीही आकसलेली, खुर्चीत बसलं की त्यांचं डोकं पंख्याला लागत होतं. मास्तरांचं नाव निघताच त्यांनी बसल्या जागी खांदे मागे घेतले.

“काकी, परवानगी मिळता,” ते म्हणाले, आणि त्यांनी नियम घडाघडा सांगितले. फक्त सुका पाला. उजेड असेपर्यंतच. शेजाऱ्यांची हरकत नको. भरलेली बादली जवळ हवी आणि पेटवणाऱ्याने जाळ सोडून जायचं नाही. जाळ आपल्याच हद्दीत हवा आणि घरापासून वीस फुटांच्या आत नको.

यात अशक्य असं काहीच नव्हतं. रेजिनबायनेही आढेवेढे घेतले नाहीत. “हरकत नाय गो,” ती म्हणाली. “पण पातेरो सुको घाल. ओलो घातलंस तर मी मेलंय म्हणान समज.” कुमुदताईंनी पानन् पान उन्हात उलटंपालटं केलं. दुपार कलल्यावर आजगावकर टेप घेऊन आले. टेपेचं टोक त्यांनी ओटीच्या खांबाला अडकवलं, फाटकाजवळच्या कोपऱ्यापर्यंत मोजत गेले आणि म्हणाले, “वीस. लावा.”

कुमुदताईंनी काडी ओढली. फणसाची पानं तडतडली, ऊब पसरली. घराने ती ओळखली. कौलं खुळखुळली, जोतं जमिनीतून मोकळं झालं आणि घर हळूहळू जाळाकडे चालत निघालं. आजगावकरांच्या हातातली टेप सैल पडू लागली.

“अठरा,” ते म्हणाले. “पंधरा. काकी, घर फुडे इला. इजवा.”

कुमुदताईंनी पाणी ओतलं. घर होतं तिथेच थांबलं आणि रुसल्यासारखं आणखी आकसलं. दाराची चौकट आवळल्याचा आवाज झाला.

“काय झाला गो?” आतून मास्तरांनी विचारलं.

“काय नाय,” त्या म्हणाल्या.

त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जाळ केला. घर वळून तिकडे निघालं. मग त्यांनी विकलेल्या म्हशीचं दावं शोधून आणलं, एक टोक ओटीच्या खांबाला आणि एक फणसाला बांधलं आणि म्हशीला म्हणत तसंच घराला म्हटलं, “गप ऱ्हव हां.” घर जरा वेळ गप राहिलं. जाळ रसरसल्यावर त्याने एक हिसका दिला, दावं तुटलं, दोन कौलं फुटली. पुन्हा पाणी ओतावं लागलं. आता दारातून मास्तरांचा फक्त चेहरा दिसत होता.

कुमुदताई मटकन जोत्यावर बसल्या. रडू आलं, तेही त्यांनी रोखलं नाही. आजगावकरांना काय करावं कळेना. ते टेप गुंडाळत आणि उलगडत राहिले.

“तुमचा काय चुकला नाय, काकी,” ते म्हणाले. “पण वीस फूट अंतर ऱ्हवाक व्हया.”

कुमुदताईंनी डोळे पुसले. “कोणी राखूचा ता अंतर? घरान की जाळान?”

आजगावकरांनी बराच विचार केला. “ता लिवलेला नाय,” ते म्हणाले.

कुमुदताई उठल्या. त्यांनी घमेल्यात तळाला माती पसरली, वर पातेरा रचला, पेटवला, ओल्या गोणपाटाची जाड चुंबळ केली आणि विस्तव डोक्यावर घेतला. घर निघालं. त्याही निघाल्या. घर जलद आलं की त्या जलद चालत, घर रेंगाळलं की त्या थबकत. मागे टेप ताणलेली होती आणि आजगावकर सुनावणीचा पुकारा केल्यासारखे ओरडत होते, “वीस. वीस. वीस.” रेजिनबायने बादली भरून घेतली आणि बरोबरीने चालू लागली.

फाटकापाशी त्या अडल्या. पुढे रस्ता होता, म्हणजे हद्द संपली.

“ही माझी हद्द नाय,” त्या म्हणाल्या.

“बगा,” आजगावकर म्हणाले.

अंगणाभोवतीचा चिऱ्यांचा गडगा उठला होता. फाटकासकट तो त्यांच्या पुढे वाट काढत रस्त्यावर उतरला, फणस आणि तुळसही निघाली. कुमुदताईंनी पाऊल टाकलं की गडगा तेवढाच सरके. “हद्दीतच असास,” रेजिनबाय म्हणाली, आणि तिचा श्वास अजिबात घरघरला नाही.

आळीतून जाताना पातेरा संपत आला. पण आपापल्या बुटक्या दारांतून बायका रांगत बाहेर आल्या, त्यांनी हाताने चुरून पाहिलेला कोरडा पाला मुठी-मुठीने आणला आणि गडग्यावरून घमेल्यात टाकला. कुणी काही विचारलं नाही. फक्त म्हातारी सरवणकरीण म्हणाली, “जरा सावकाश जा गो, आमचाव घर येता.”

डोक्यावर विस्तव असला की मागे वळता येत नाही. कुमुदताईंना नुसतं ऐकू येत होतं. जोती घासत होती, कौलं किणकिणत होती, आणि तो आवाज एका घराचा नव्हता. लाकूड फुलावं तशी कुठलीतरी चौकट करकरली. समोर उतार लागला, उताराच्या टोकाला समुद्र, आणि सूर्य पाण्यापासून वीतभर वर होता. उजेड असेपर्यंतच, हा नियम त्यांच्या चांगला लक्षात होता. त्या थांबल्या नाहीत.

मग पाठीमागून ओळखीची पावलं आली, लांब टांगांची, कवायतीच्या तालातली.

“घमेला हय दी,” मास्तर म्हणाले. आवाज कमरेजवळून नाही, डोक्याच्याही वरून आला. “मान अवघडली असतली तुझी.”

“जाळ सोडून माका जाऊक येणा नाय.”

“जाव नको. बरोबर चल.”

वजन वर उचललं गेलं. कुमुदताईंची मान मोकळी झाली आणि त्या वळल्या. आपलं घर वीस फुटांवर उभं होतं, दार सताड उघडं, पूर्वीहून हातभर उंच. त्याच्या मागे आळीतलं प्रत्येक घर होतं, त्यांच्या मागे नगरपंचायतीची इमारत, आणि दारादारांत माणसं एका हाताने चौकट धरून पाठ सरळ करत होती.

“वीस. उजेड अजून असा,” आजगावकर म्हणाले, आणि पुढचा गडगा पाण्यात उतरला.