उलट्या बाजूची खाच

आबाजी मिस्त्रींनी ब्रॅकेट तिसऱ्यांदा यंत्राला लावून पाहिला आणि तो तिसऱ्यांदाही बसला नाही. भोकं जुळत होती, जाडी बरोबर होती, कडा तर बोट फिरवावं अशा झाल्या होत्या. फक्त जी खाच डावीकडे हवी ती उजवीकडे होती. ब्रॅकेट फिरवून लावावा तर भोकं भलतीकडे जात होती. डाव्या पायातला जोडा उजव्या पायात किती वेळ कोंबणार?

"उतरव," आबाजी म्हणाले.

त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या ज्योतीरामने पाना लावला आणि बोल्ट सोडवले. अकरा दिवसांचं काम मातीत गेलं होतं. तसला पोलादाचा ठोकळा आता मुंबईहून मागवावा लागणार होता, आणि तोवर अमेरिकेहून आलेलं ते कोरं यंत्र हातावर हात ठेवून बसणार होतं.

चूक कुठे झाली ते ज्योतीरामला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. एखादी वस्तू डावीकडून कशी दिसते ते चित्र कागदावर उजव्या अंगाला काढायचं, असं त्याला कॉलेजात शिकवलं होतं. सगळी विलायती ड्रॉइंगं तशीच असत. अमेरिकन लोक मात्र डावीकडचं चित्र सरळ डावीकडेच काढतात. ड्रॉइंगच्या निळ्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. त्याने ते वाचलं नव्हतं. कॉलेजातलं शिकणं इतकं पक्कं बसलं होतं की कोपऱ्यात बघायची गरजच वाटली नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशातली गत.

आबाजींची एक रीत होती. नवं काम आलं की ते चिंधीला हात पुसायचे, ड्रॉइंग टेबलावर पसरायचे, वर लोखंडाचे तुकडे ठेवायचे आणि म्हणायचे, "वाच. बघू कुठं चुकतोस." ज्योतीराम एकेक माप वाचायचा. आबाजी मान हलवत आणि लोखंडावर खडूने खुणा करत जायचे. मिस्त्री आपली रोजची परीक्षा घेतात, असं ज्योतीराम दोन वर्षं समजून चालला होता. या ब्रॅकेटच्या वेळीही त्याने असंच वाचलं होतं. आबाजींनी एकदा यंत्राकडे पाहिलं होतं, एकदा कागदाकडे.

"खाच हिकडं? नक्की?"

"नक्की, मिस्त्री."

मग आबाजींनी खूण केली होती.

आता फोरमन लक्ष्मणराव येताना दिसले आणि ज्योतीरामच्या डोळ्यांपुढे सगळ्यात आधी स्वतःची शेऱ्यांची वही आली. पिंपरीच्या त्या कारखान्याने पाच मुलं निवडली होती. तीन दिवस पुण्याला कॉलेजात, तीन दिवस कारखान्यात मिस्त्रीच्या हाताखाली, आणि पाच वर्षांनी इंजिनियरची डिग्री. दर सहा महिन्यांनी फोरमन वहीत शेरा लिहायचा. काम वाया घालवल्याचा एक शेरा पडला की कॉलेजातून नाव कमी. मागच्या साली हिंदुराव नावाचा एक मुलगा असाच सांगलीला परत गेला होता. ज्योतीरामचे वडील कराडला शाळेत शिपाई होते आणि पोराची डिग्री हातात यायच्या आधीच गावभर इंजिनियरचे बाप म्हणून फिरत होते.

लक्ष्मणरावांनी ब्रॅकेट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नसे.

"ड्रॉइंग कुणी वाचलं?"

"मीच, साहेब," आबाजी म्हणाले. "बाजूचा घोळ झाला."

लक्ष्मणरावांनी निळा कागद त्यांच्यापुढे धरला. "इथे कोपऱ्यात लिहिलंय. हे दिसलं नाही?"

आबाजींनी कागद हातात घेतला आणि खाली मान घालून पाहिलं. त्यांची नजर कोपऱ्यावर नव्हती. ती कागदाच्या मधोमध कुठेतरी टेकली होती आणि तिथेच राहिली होती. शेजारी उभ्या ज्योतीरामला त्या क्षणी सगळं समजलं. रोजची परीक्षा ही परीक्षा नव्हतीच. मिस्त्रींना ड्रॉइंग वाचता येत नव्हतं.

"चुकलं, साहेब," आबाजी म्हणाले.

लक्ष्मणराव ज्योतीरामकडे वळले. "तू शेजारीच होतास ना? ड्रॉइंग वाचताना तुझ्या काही लक्षात आलं नाही?"

"नाही, साहेब," ज्योतीराम म्हणाला.

एवढंच झालं. सोमवारपासून आबाजींना हत्यारांच्या खोलीत बसवलं. कारखान्यातल्या सगळ्यात पक्क्या हाताचा माणूस खिडकीतून कानशी आणि हातोडे द्यायला लागला. त्यांच्या टेबलावर भोसरीचा सोनबा आला. शनिवारी ज्योतीरामच्या वहीत शेरा पडला, 'काम समाधानकारक', आणि खाली लक्ष्मणरावांची सही.

त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. चिंचवडच्या खोलीवर तो वेळेवर जेवत होता, वेळेवर निजत होता आणि झोपही लागत होती. कॉलेजात सरांनी ड्रॉइंगच्या याच दोन पद्धतींमधला फरक विचारला तेव्हा त्याने फळ्यापाशी जाऊन दोन्ही आकृत्या बिनचूक काढल्या आणि सरांनी पाठीवर थाप मारली. तीही कुणा दुसऱ्याच्या पाठीवर पडल्यासारखी वाटली. एकदा पत्र्याने अंगठा कापला, ते सोनबाने "अरं, रगत बघ" म्हटल्यावर कळलं. मिस्त्रींनी आपल्यासाठी स्वतःची मान पुढे केली, हे तो मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघायचा. पाठ केलेल्या सूत्रासारखं ते जिभेवर यायचं आणि जायचं. आतून काही हलत नव्हतं, आणि त्याला भीती वाटलीच तर ती या काहीच न वाटण्याची वाटत होती.

दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी त्याने ठरवलं. कळवळा आला म्हणून नाही. खरं सांगितल्यावर तरी काही वाटेल, एवढ्याच आशेने. डिग्री गेली तर जावो. पण मिस्त्रींच्या कानावर घातल्याशिवाय फोरमनकडे जाणं बरं दिसणार नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो हत्यारांच्या खोलीपाशी गेला.

आबाजी खिडकीशी बसून पान्यांना तेल लावत होते.

"मिस्त्री, मी आज लक्ष्मणरावांना सांगणार आहे."

"काय?"

"ड्रॉइंग मी वाचलं होतं ते. चूक माझी होती. माझ्यापायी तुम्ही इथे बसलात."

आबाजींचा हात थांबला. त्यांनी खिडकीतून वाकून दोन्हीकडे पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं.

"खुळ्यावानी करू नगंस," ते हळू आवाजात म्हणाले. "तुज्यापायी कोन बसलंय?"

"तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

"अरं, तुजं नाव घेतलं असतं तर म्होरला सवाल काय आला असता? मिस्त्री हुबा असताना शिकाऊनं का वाचलं? मंग त्या दिसाचंच न्हाई, समद्या दिसांचं निघालं असतं." त्यांनी पाना खाली ठेवला. "लढाईच्या आदीपासनं खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात हुतो, तवापासनं हे चाललंय. कुनाला ठावं न्हाई. घरात सगुणालाबी न्हाई. पोरगं हाताखाली असलं की त्याच्याकडनं वाचून घ्यायचं, आन् म्होरलं हातानं जमवून न्यायचं. हाताला त्या दिशी वाटत हुतं, खाच उलटी हाय म्हणून. पर तू नक्की म्हणालास. कागदाम्होरं मी काय बोलनार?"

ज्योतीरामने मागे वळून फोरमनच्या खोलीकडे पाहिलं.

"आता लोक काय म्हंत्यात? आबाजी मिस्त्री एकदा चुकला. म्हणू देत. मिस्त्री तर म्हंत्यात न्हवं?" आबाजींनी चिंधीला बोटं पुसली. "फोरमननं तुला इचारलं, तवा माज्या काळजाचं पाणी झालं. म्हटलं, आता हे पोरगं खरं बोलतंय. तू न्हाई म्हणालास. लई उपकार झाले बाबा."

मागून दोघेजण हत्यारं घ्यायला आले. आबाजींनी आवाज बदलला.

"कंची कानस पायजे?"

"बारीक," ज्योतीराम म्हणाला.

हत्यार नेताना ठेवायचा आपला पितळी बिल्ला त्याने खिडकीत ठेवला, कानस घेतली आणि टेबलाकडे चालू लागला. फोरमनची खोली उजव्या हाताला होती. दार उघडं होतं आणि लक्ष्मणराव आत डबा खात होते. तो दारावरून पुढे गेला. आता सांगायचं काही उरलंच नव्हतं. सांगणं म्हणजे मिस्त्रींचा घात करणं, हे खुद्द मिस्त्रींनीच सांगितलं होतं. वही सुरक्षित होती, एप्रिलची परीक्षा सुरक्षित होती, कराडचे वडील सुरक्षित होते.

छाती हलकी झाल्यासारखी त्याला वाटली. दोन आठवड्यांत त्याला पहिल्यांदाच काही वाटलं होतं, आणि ते हे होतं. तो टेबलापाशी आला. मग त्याने लोखंडाचा तुकडा टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात घट्ट आवळला आणि कानस चालवायला सुरुवात केली.