पायाकडची दोरी

टॉर्किल मरायच्या आदल्या संध्याकाळी शुद्धीवर आला, तो एवढंच सांगायला. "माझ्या पेटीची दोरी हेक्टरच्या हातात जाता कामा नये."

मी म्हटलं, "बरं." जन्मभर या नवऱ्याच्या हट्टापुढे मान डोलावली, शेवटच्या दिवशी कुठे वाद घालत बसायचं? पण तेवढ्यानं त्याचं भागेना. "बरं नको, शब्द दे," म्हणाला. मी शब्द दिला. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि पहाटे गेला.

आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात सोडतात ती आठ दोऱ्यांनी, आणि कुठली दोरी कुणी धरायची ते घरच्यांनी ठरवायचं. डोक्याकडची सगळ्यात जवळच्याला, पायाकडची त्याच्या खालोखाल. न मिळणं म्हणजे सगळ्या गावासमोर 'तू आमचा कुणी नाहीस' असं तोंडावर सांगणं. आणि हेक्टर तर टॉर्किलचा पाठचा भाऊ; पाठच्या भावाला दोरी नाकारल्याचं आमच्या दरीत मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

दोघांचं बिनसलं ते कुत्रीवरून. हेक्टरचं रान आमच्या रानाला लागून, मध्ये दगडांचा गडगा. एका वसंतात, मेंढ्या वीत असताना, त्याची दोन कोकरं फाडलेली सापडली आणि आमची फ्लॉस त्याच्या रानात, तोंडाला रक्त. हेक्टरनं बंदूक आणून तिला जागच्या जागी गोळी घातली. कायदा त्याच्या बाजूनं होता. टॉर्किल म्हणायचा, त्या दिवसांत कुठल्या कुत्र्याच्या तोंडाला रक्त नसतं? मेंढ्यांची वार खातात ती. खरं काय ते फ्लॉसलाच ठाऊक. पुढे दोघं भाऊ एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. चर्चमध्ये एक उजव्या बाजूला, एक डाव्या, आणि मी मान खाली घालून मनातल्या मनात दोघांना शिव्या देत बसलेली.

दुपारी तालुक्याहून फार्कर आला. अंत्यविधीचं सगळं तोच बघतो. चहा घेत म्हणाला, "आठ जणं सांगा, इशबेलबाई."

"डोक्याकडे आमची ऊना."

"मुलगी?"

"मुलगी. मुलगा मला झाला नाही, आणि आता होईलसं वाटत नाही."

फार्करनं चहात बघितलं. पूर्वी बायका कबरीपर्यंत जातसुद्धा नसत; घरी बसून सँडविचं कापायच्या. आता दोरी धरायला पुरुष आणायचे कुठून? गावातली निम्मी घरं हिवाळ्यात कुलूपबंद. मालक उन्हाळ्यात येतात, आमच्या मेंढ्यांचे फोटो काढतात आणि जातात. धडधाकट असे ओढूनताणून सहा जण निघाले.

"म्हणजे पायाकडची तेवढी राहिली," फार्कर म्हणाला. "ती हेक्टरची."

"नाही."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक आहेत कुठे बोलायला?"

शेवटी मी ज्युलियनचं नाव सांगितलं. त्यानं जुनी शाळा विकत घेतलीय, तिथं मातीची भांडी करतो. ऊना डोळे विस्फारून म्हणाली, "आई, ज्युलियन? बाबा त्याला कुंभारडा म्हणायचे! आणि काका असताना? बाबा गेले गं. त्यांना आता काय कळणारेय?"

"मला कळेल ना," मी म्हटलं.

दिवस मावळताना हेक्टर दाराशी आला. हातात मटणाची तंगडी, टोपी काखेत. आत ये म्हटलं तर आला नाही.

"खड्डा मी खणू का? जमीन गोठलीय. फार्करच्या पोरांना जमायचं नाही."

"खणून झाला."

तो तिथंच घुटमळला. मग म्हणाला, "इशबेल, माझी दोरी..."

"नाही, हेक्टर."

"तो म्हणाला तसं?"

"तो म्हणाला."

"आडमुठा होताच पहिल्यापासून," असं म्हणून त्यानं टोपी चढवली आणि उतारानं निघाला. पाठीत किती वाकला होता! त्याला हाक मारावी म्हणून माझा जीव तुटत होता. त्या घटकेला मला टॉर्किलचा इतका राग आला, की आत निजलाय त्याला गदागदा हलवावं असं वाटलं. पण शब्द दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी समुद्राकडून वारा सुटला होता आणि अर्धं पाणी अर्धं बर्फ तोंडावर मारत होतं. हेक्टर दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभा होता, काळ्या कोटात. सगळ्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

फार्करनं ज्युलियनला दोनदा बजावलं होतं की दोरी मनगटाला गुंडाळू नका. बिचाऱ्याला वाटलं असावं, गुंडाळली तर पकड घट्ट बसेल. पेटीखालच्या फळ्या काढल्या, वजन आलं, आणि ओल्या गवतावर त्याचा पाय सरकला. तो गुडघ्यावर आपटला नि खड्ड्याच्या काठाकडे ओढला गेला. पायाकडची बाजू खाली गेली. ऊना किंचाळली, "आई, बाबा पडतायत!"

हेक्टर भिंतीवरून कसा आला, मला सांगता यायचं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस. ज्युलियनच्या हाताच्या पुढे त्यानं दोरी पकडली आणि मागे रेटा दिला.

"सोड बाबा, सोड, मी धरलीय. ऊना, रडू नको, थोडी ढील दे. हां. हळू. आता सगळे बरोबर."

पेटी सरळ झाली. टॉर्किल नीट खाली गेला.

तळाला टेकली की हातातलं टोक पेटीवर टाकून द्यायचं असतं. सात टाकली गेली. हेक्टर दोरी सोडेना. पाद्री थांबला, फार्कर खाकरला. मी त्याच्याजवळ गेले, तेव्हा सगळ्यांना वाटलं मी दोरी काढून घेणार. त्यालाही तेच वाटलं. त्यानं मूठ आवळली, वरची कातडी सोलून निघाली होती.

"घेऊ नको, इशबेल," तो म्हणाला. "एवढं तरी."

"घेत नाही. तुझं होईपर्यंत धर."

आम्ही सगळे त्या बर्फात उभे राहिलो. त्याचे ओठ हलत होते. भावाला तो काय म्हणाला ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. मग त्यानं बोटं उघडली.

माझ्याकडे न बघता म्हणाला, "शब्द मोडला ना तुझा, माझ्यापायी?"

"मोडला," मी म्हटलं. "वर गेल्यावर बघून घेईन मी त्याला. तू हात दाखव आधी."